कॉम्प्युटरवर नसलेल्या प्रोग्राममधून सासूबाई बोलल्या

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते. यजमान गेले, त्यानंतरच्या दिवाळीत मी घरासोबत त्यांचा लिनक्सचा कॉम्प्युटरही झाडायला काढला. पॉलिटेक्निकच्या लॅबमधून नुकतीच रिटायर झालेली मी — शहाणपण नुसतं उतू चाललेलं. प्रोग्राम बसवण्या-काढण्याचा हिशोब ठेवणाऱ्या पॅकेज मॅनेजरला जे ठाऊक नाही ते उपरं, असं ठरवून यजमानांनी सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून, स्वतः कंपाइल करून बसवलेले सगळे प्रोग्राम या बाईसाहेबांनी डिलीट केले. वर हात झटकून चहाही घेतला.

त्यातच आवाजाच्या फाइल वाजवणारा एक छोटा प्लेयर होता. यजमानांनी एका जुन्या रेकॉर्डरवर सासूबाईंचा आवाज घेतला होता, आणि ती फाइल दुसऱ्या कशातच उघडत नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. एरर आली की तिला कारण असतंच, हे पोरांना सांगण्यात नोकरी संपली. म्हणून तर डोकं फिरलंय...

या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या नणंद, मोडनिंबच्या आक्का, कानाच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे जुळे सोलापूरला आल्या. एक कान आधीच गेलेला. उरलेला वाचेल अशी खात्री डॉक्टर देईनात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आक्का म्हणाल्या, आईचा आवाज एकदा ऐकव.

सोर्सची सीडी कपाटात सापडली. बांधणीआधीची तपासणी, कॉन्फिगर, चालवलं — प्रोग्रामला लागणारी एक लायब्ररी नाही. ती बसवली, तर म्हणे जुनी आवृत्ती पाहिजे. जुनी घालायला जावं तर पॅकेज मॅनेजर अर्धा डेस्कटॉप काढायला निघाला. मग तीही सोर्समधून बांधायला घेतली, तर तिला आणखी तिसरीच हवी. पंखा गरम वारा फेकतोय, स्क्रीन एररवर एरर ओकतेय आणि आक्का शेजारून विचारतायत, झालं का गं. शेवटी वैतागून सांगितलं, मीच तो प्रोग्राम उडवलाय, आता काही होत नाही.

आक्का म्हणाल्या, "नाव तर टाकून बघ की."

प्रोग्रामचं नाव सकाळीच टाकलं होतं, अशी कमांडच नाही म्हणून उत्तर आलं होतं. त्यांच्या समाधानासाठी पुन्हा टाकलं... आणि स्पीकरमधून सासूबाई आक्कांवर खेकसल्या, "अगं, शेंगा किती भाजल्यास? चटणी करतीस का कोळसा?"

फाइल शेवटपर्यंत वाजली. आक्का चांगला कान स्पीकरला लावून हसत होत्या, डोळे पुसत होत्या.

लगेच तीच कमांड परत दिली — नाही. अख्खी डिस्क धुंडाळली, त्या नावाचा प्रोग्राम कुठेच नाही. जाणकार आता मला पाथ बघा, कॅश बघा म्हणतील. सगळं बघून झालंय हो. उत्तर आजही नाही, आणि त्याचाच संताप येतो.

त्या संध्याकाळी मी कीबोर्ड बडवतच बसले होते, तेव्हा आक्का म्हणाल्या, "कसं वाजलं ते शोधत बस तू. आईच्या शिव्या कानात गेल्या की. आता डॉक्टरला काय कापायचं ते कापू दे."