मामाजींची उघडी पडलेली झाडं

सासऱ्याने सुनेशी थेट बोलायचं नाही, ही आमच्या वऱ्हाडातली जुनी रीत. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, ती जरा जास्तच मनावर घेतली होती. मला सांगायचं ते सगळं ते दारातल्या म्हशीला सांगत. "चंद्रे, आज वरनात मीठ नाई पडलं वाटते." चंद्रा रवंथ करी, मी मीठ घेऊन धावे.

मी अकोल्याची, मॅट्रिक पास, आणि अंजनगावच्या संत्रेवाल्यांकडे दिलेली. स्वच्छतेचं भारी वेड! माहेरची माणसं पहिल्यांदाच बाग पाहायला यायची होती, म्हणून आदल्या दिवशी मी बागेत गेले. पाहते तर खोडाखोडाला चिखलाचं लिंपण, आत रॉकेलचा वास मारणारे कापसाचे बोळे. म्हटलं, काय हा गबाळेपणा! सगळे बोळे उपसले, खोडं ओल्या फडक्याने लख्ख पुसली. घरातली भांडी जणू कमी पडली होती मला.

संध्याकाळी शाबासकीच्या आशेने मीच सांगून टाकलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. त्या साली बागेत साल खाणारी अळी शिरली होती. दिवसा खोडातल्या छिद्रात दडायची, रात्री साल कुरतडायची, पुढे पतंग होऊन दुसऱ्या झाडावर अंडी घालायची. मामाजींनी आदल्याच दिवशी एकेक छिद्र तारेने कोरून, आतली अळी मरावी म्हणून बोळे ठासले होते. (आज नात मोबाईलवर पतंगाचा फोटो दाखवते, तेव्हा मी हे सगळं तिला मोठ्या तोऱ्यात सांगते. कुठे शिकले ते सांगत नाही.)

मामाजी रागावले नाहीत. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "चंद्रे, आपली झाडं पाह्य कशी आंघोळ करून बसली!"

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना चहा देऊन आम्ही थेट बागेत. मामाजी तार चालवत, बोळा ठासत. मी मागून चिखल लिंपे. माझ्या वडिलांनीही बाह्या सावरल्या. बाग वाचली, पण रात्रीतून निसटलेल्या अळ्या सगळ्या काही सापडल्या नाहीत. विहिरीजवळचं झाड, मामाजींनी स्वतः कलम बांधलेलं पहिलंवहिलं, फांदी फांदी करत वाळत गेलं. इकडे माझ्या घशाखाली घास उतरेना. आता आपल्याला माहेरी धाडतात, हेच मनात.

झाड तोडलं त्या दुपारी मी बांधावर बसून रडत होते. मामाजी कुऱ्हाड खाली ठेवून सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"झाड माह्यं गेलं, सूनबाई, तू काहून वाळून राहिली? चाल घरी. मले भूक लागली."