पाहुणे आले की पाढे

एका बापाला मी त्याची मुलगी शाळेतून काढायला लावली. लावली म्हणजे अगदी त्याच्या घरी जाऊन, पडवीत बसून, त्याचाच चहा पिऊन. आणि शाळा चांगली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यायचा मोह कुणाला व्हायला नको.

नव्वदीची मधली वर्षं. मी शहापूरला राहायचे, अध्यापक विद्यालयात शिकवायचे आणि पीएच.डी. करायचे. विषय होता मिशनच्या शाळांतले शिक्षक. शिकवणं त्यांना नोकरी वाटते की पाचारण? पाचारण हा चर्चमधला शब्द, देवानं हाक मारून सोपवलेलं काम. मला देवानं हाक मारलेली नव्हती. पण खांद्याला शबनम, नाकावर जाड काड्यांचा चष्मा आणि चेहऱ्यावर सगळं कळल्याचा भाव, एवढं सामान घेऊन मी सापगावचा पूल ओलांडून एसटीनं मुरबाडकडे निघायचे.

तिकडच्या एका सिस्टरांच्या शाळेवर माझा पहिल्या दिवसापासून संशय. संडास स्वच्छ, म्हणजे काहीतरी लपवतात. मुख्याध्यापिका सिस्टर हसून बोलतात, म्हणजे नक्कीच लपवतात. चहाबरोबर क्रीमची बिस्किटं आली तेव्हा तर खात्रीच पटली. बिस्किटं मी खाल्ली. संशय वेगळा, भूक वेगळी.

मी तिसरीच्या वर्गात जायचे. तिथल्या बाई आमच्याच शहापूरच्या, बौद्ध घरातल्या, रोज जाऊन-येऊन करणाऱ्या. मी मागे जाऊन बसले की वर्ग पाढे म्हणायला लागायचा. कौलं हलतील असे. मी मान डोलवायचे. फक्त पुढच्या रांगेतली कडेची जागा कायम रिकामी. ती एका ऐकू न येणाऱ्या मुलीची, असं कळलं. मुलगी सापडली वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे, सुपात तांदूळ निवडताना. मला बघून तिनं पाठ फिरवली.

"ही वर्गात का नाही?" मी सिस्टरना विचारलं.

"आज तिला इथं बरं वाटतंय."

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. पुन्हा 'आज'. सिस्टरांची नजर माझ्या चष्म्याला चुकवून खिडकीबाहेर जायची. झालं! अशा मुलांना सगळ्यांबरोबर शिकवावं म्हणून मी व्याख्यानं झोडत होते, आणि इथं ही माणसं दानधर्माच्या नावाखाली मुलीला राबवत होती. प्रबंध तर होताच, वर गौप्यस्फोटही! सिस्टरांना धड विचारायचं सोडून मी थेट मुलीच्या पाड्यावर गेले.

"तुमच्या मुलीला शिकवत नाहीत, कामाला जुंपलीय," मी बापाला सांगितलं.

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "सिस्टर तशी वाटत नाय."

"वाटत नाही, हेच तर!" मी म्हणाले. काय ते तर्कशास्त्र.

दुसऱ्याच दिवशी त्यानं मुलगी घरी आणली. ती दप्तर सोडेना म्हणून ओढून आणली, हे मला नंतर कळलं. मी मात्र जग सुधारल्यासारखी एसटीत खिडकीपाशी बसून होते.

त्यावरही समाधान कुठलं? आता शाळा रंगेहाथ पकडायची होती. न कळवता, भलत्याच वारी गेले आणि फाटकातून न जाता मागच्या बाजूनं तिसरीच्या खिडकीखाली उभी राहिले. आत चिडीचूप. वाटलं, बघा, शिकवतच नाहीत. मग डोकावले.

बाईंनी तीन बोटं दाखवली, मग चार. सगळ्या वर्गानं चिंचोक्यांच्या रांगा मांडल्या आणि बोटांनीच उत्तर दिलं. एकीचं चुकलं तर शेजारणीनं तिच्या मनगटावर टिचकी मारून दुरुस्त केलं. तोंडानं कुणी हूं की चूं केलं नाही. सगळा वर्ग त्या एका मुलीच्या रीतीनं शिकत होता आणि तिची जागा रिकामी होती.

एवढ्यात एका पोरीला माझा चष्मा दिसला. क्षणात चिंचोके खिशात गेले, हात घडीत गेले आणि वर्ग बोंबलू लागला, "बे एके बे! बे दुणे चार!"

बाई बाहेर आल्या. चिडलेल्या होत्या, पण डोळे भरलेले.

"मॅडम, गप्प वर्ग पाहिला की साहेबलोक म्हणतात, बाई शिकवत नाही. म्हणून पाहुणे आले की पाढे."

"मग ती मुलगी?"

"सगळी एकदम ओरडायला लागली की तिला कुणाच्या ओठांवरचं काही कळत नाही. ती आपणहून उठून जाते. तुम्ही आलात की जायची."

"मला सांगायचं नाही का?"

"तुम्हाला कुणी पाठवलंय, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, हिच्या नजरेला मुलगी पडली तर तिला शहरातल्या बहिऱ्यांच्या वेगळ्या शाळेत धाडतील. एवढ्या लांब बाप तिला पाठवणार आहे थोडाच?"

म्हणजे मी त्यांच्यावर संशय घेत होते आणि त्या माझ्यावर. फरक इतकाच, की त्यांचा संशय खरा निघाला.

बाईंना तिथंच सोडून मी पाड्याकडे धावले. चपलेचा अंगठा तुटला, तर चप्पल हातात घेऊन पोचले. मुलगी अंगणात बसून राहिली होती, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी बापाला सगळं सांगितलं, चूक माझी म्हणाले, उद्यापासून तिला पाठवा म्हणून हात जोडले.

"परवा बोललात काढा. आज बोलता घाला," तो म्हणाला. "आमी कोणाचं खरं धरायचं?"

"माझं नको. सिस्टरांना विचारा. त्या बाईंना विचारा."

चहा या वेळी आला नाही. त्यानं मुलीकडे पाहिलं, दोन बोटांनी खांद्यावर दप्तराचा पट्टा ओढल्याची खूण केली. ती ताडकन उठून घरात पळाली.

मी शबनम सावरून निघाले, तेवढ्यात त्यानं मागून हाक मारली.

"बाई, पोरगी जाईल शाळेत. पण तुमी जायाचं नाय."