दवाखाना वाचला तेव्हा

हडपसरमध्ये मी एकटा राहू लागलो त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. आयटीतली नोकरी, बहुतेक दिवस घरूनच काम. आईवडील यवतमाळला. बरोबर राहणारा मित्र लग्न करून दुसरीकडे गेला होता. ऑफिसच्या मीटिंगा सोडल्या तर दिवसभर माझा स्वतःचा आवाजही मला ऐकू येत नसे.

गल्लीच्या टोकाला महापालिकेचा जुना दवाखाना होता. एका सकाळी अंगात ताप घेऊन तिथे गेलो, तर दारावर कागद चिकटवलेला. जागा पार्किंगला जाणार, दवाखाना बंद होणार. बाकावर बसलेली एक गरोदर बाई शेजारणीकडून तो कागद वाचून घेत होती. "मग आता मी कुठं जायाचं?" तिनं विचारलं. शेजारीण कागद पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. मी मागे फिरलो. घरी येऊन गोळी घेतली आणि लॅपटॉप उघडला.

दवाखान्यासाठी घरबसल्या लोक जमवायचे, हे काम मला जमणारं होतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, पोस्टर केलं. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती, म्हणून प्रत्येक इच्छुकाच्या पेजवर जाऊन सगळ्यांनी एकच विचारायचं ठरवलं: दवाखान्याचं काय? आमच्या कंपनीला कर्मचाऱ्यांचं राजकारण चालत नसे, त्यामुळे मी कुठेच नाव किंवा फोटो लावला नाही. सगळे मला 'अ‍ॅडमिन' म्हणू लागले.

बघता बघता एक ग्रुप भरला, दुसरा काढावा लागला. "अ‍ॅडमिन, पुढे काय?" असं दिवसभर कुणीतरी विचारत राही. खिचडी गरम करता करता मी उत्तरं द्यायचो. इतकी माणसं माझी वाट बघताहेत, ही भावना मला नवीन होती.

त्यातच एका बाईंचा मेसेज आला. पेठेत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. "दवाखाना वाचवा हे ठीक आहे, पण तुमचं मराठी मला वाचवत नाही." मी पुढचा मजकूर मुकाट्यानं त्यांच्याकडे पाठवला. तासाभरात तो सुधारून आला, निम्मा झालेला आणि दुप्पट टोचणारा. तेव्हापासून प्रत्येक पोस्ट आधी त्यांच्याकडे जाऊ लागली.

शनिवारी सकाळी क्षेत्रीय कार्यालयासमोर जमायचं ठरलं. मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. तिथे पोचलो तर रस्ता माणसांनी भरलेला. कॉलेजातल्या एका मुलीनं माझ्या हातात फलक दिला. "काका, जरा मागे उभे राहता का? फोटोत बायका पुढे हव्यात." फलकावरचा मजकूर आमचाच होता, बाईंचा आणि माझा. मी मागे झालो.

तिची मैत्रीण म्हणाली, "अगं, अ‍ॅडमिन येणार होते ना?"

"ते कसले येतात! असले लोक घरी बसूनच सगळं करतात."

मी त्यांच्या पाठीमागेच होतो. सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात घोषणा सुरू झाल्या. घोषणा थांबल्यावर सांगायचं राहूनच गेलं.

दुपारी अधिकारी बाहेर आले आणि दवाखाना हलवणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. कुठून कुठून उमेदवार उगवले आणि एकमेकांच्या आधी माइक धरू लागले. बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या. कुणीतरी माझ्याही हातावर पेढा ठेवला. मी फलक भिंतीला टेकवून ठेवला आणि चालत घरी आलो.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज मी प्रथमच ऐकत होतो.

"गुडघ्यांमुळे मला येता आलं नाही. तुमचं काय कारण? ग्रुपवर सगळे विचारताहेत."

"मी आलो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"ओळखत कुणी नव्हतं."

पलीकडे टीव्ही बंद झाला. "घरी कोण असतं तुमच्या?"

"कुणी नाही."

"बरं. माझ्याकडेही नसतं. पण दुपारी दोन ते चार मी झोपते, तेव्हा फोन करू नका."

ग्रुपांवर आठवडाभर अभिनंदनं चालली. मग सुप्रभातची फुलं आली, प्लॉटच्या जाहिराती आल्या आणि माणसं एकेक करून बाहेर पडली. मला कुणाचा राग आला नाही. ती दवाखान्यासाठी आली होती आणि दवाखाना सुरू होता.

मी बाईंना फोन केला, बऱ्याच दिवसांनी, पाच वाजता.

"काय काम काढलंत?"

"काम काही नाही."

"अरे वा," त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघंही अडलो. मजकूर नसताना एकमेकांशी काय बोलायचं ते आम्हाला माहीतच नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, मी आज काय खाल्लं. मी खिचडी सांगितली. "रोज खिचडी? आजारी आहात का?" त्या म्हणाल्या आणि भरल्या वांग्याची कृती सांगू लागल्या, इतक्या भरभर की मला दोनदा थांबवावं लागलं.

अजून आम्ही भेटलेलो नाही. फोन कधी मी करतो, कधी त्या करतात, पुष्कळदा कुणीच करत नाही.