जावई, वऱ्हाड आणि मेसेजचं कुलूप

हसणार नसाल तर सांगते. हसणार असाल तरी सांगते, कारण आमच्या वस्तीवर हे सगळ्यांना पाठ झालंय, तुम्हीच तेवढे राहिलात.

मी आमच्या बायकांच्या दूध सोसायटीची सचिव. बारावी पास, त्यामुळे जगातलं सगळं मलाच कळतं असा माझा समज. त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. माणसांचा टँकर कसाबसा येत होता, पण जनावरांनी काय प्यायचं? तालुक्याचे साहेब येऊन जनावरं मोजणार, मग त्यांच्यासाठी वेगळा टँकर मंजूर होणार, असं ठरलेलं. साहेब एकदा आले आणि चहा पिऊन गेले. मी रागानं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "साहेब नुसते चहाला येतात. गोठ्याकडं ढुंकून बघितलं न्हाई."

चार दिवसांनी साहेब एका कागदावर सही घ्यायला परत आले. मी कप पुढे केला तर म्हणतात, "चहा नको ताई. नुसता चहाच पितो असं व्हायला नको."

हे तर ग्रुपवरचे माझेच शब्द! त्याच आठवड्यात पेपरात वाचलं होतं की आपल्या मेसेजला कुलूप असतं, कंपनीलाही आतलं वाचता येत नाही, आणि सरकार म्हणतंय, त्याची किल्ली आम्हाला द्या. आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? किल्ली मिळाली होती, आणि पहिलं कुलूप आमच्याच सोसायटीचं उघडलं होतं.

लगेच मीटिंग लावली. "बायांनो, सरकार आपले मेसेज वाचतंय."

आमच्या अध्यक्ष शेवंताक्का म्हणाल्या, "वाचू दे की. भ्यायचं कशाला? दुधाचं फॅटच असतंय ना त्यात?"

"आक्का, आज फॅट वाचतील, उद्या घरातली भांडणं वाचतील."

हे मात्र सगळ्यांना पटलं. कारण ग्रुपवर फॅटपेक्षा सासवाच जास्त होत्या. आणि खरं सांगते, मलाही भीती वाटली होती. आम्ही बायका मनातलं बोलायचो दोनच ठिकाणी, हापशावर आणि ग्रुपवर. हापसा तर कधीच कोरडा पडला होता.

म्हणून गुप्त भाषा ठरली. "साहेबाला जावई म्हणू," शेवंताक्का म्हणाल्या. "खुर्ची द्या, पंखा लावा, तरी तोंड वाकडंच." जनावरं म्हणजे वऱ्हाड, टँकर म्हणजे मामा. हे सगळं तोंडी ठरवलं. ग्रुपवर लिहायचं नाही, एवढी अक्कल मला होती.

साहेबांनी फोनवर मोजणीला गुरुवार सांगितला. मी मेसेज टाकला: "गुरुवारी अकराला जावई येणार. सगळं वऱ्हाड डेअरीपुढं उभं करा. जावई खूश झाला तरच मामा येणार." आडोसा मिळाल्यावर बाकीच्यांच्याही जिभा सुटल्या. "जावई लई फुकटा हाय." "आयतं खाऊन पोट बघा केवढं सुटलंय."

गुरुवारी झाडून सगळी जनावरं डेअरीपुढं आली. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला, साहेबांचा पत्ता नाही. शेवंताक्कांची म्हैस खाली बसली ती उठेना. त्या पदरानं तिला वारा घालत राहिल्या. ते बघून माझं डोकं फिरलं. मिळेल ती जीप धरून मी तालुक्याला गेले.

"गुरुवार म्हणलते ना तुमी?"

"म्हणलो होतो," साहेब म्हणाले. "पण अकराला तुमच्याकडं जावई यायचा होता ना? कार्याच्या घरात मी जनावरं मोजत फिरू का?"

मग मी अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं सुरू झाले. "म्हणजे वाचता तुमी! गरिबाच्या घरात डोकावायचा हक्क कुणी दिला तुमाला? कुठं हाय ती किल्ली, दाखवा."

साहेबांनी शांतपणे मोबाईल माझ्यापुढं धरला. आमचाच ग्रुप. त्यात साहेब. आणि वर बारीक अक्षरात, त्यांना ग्रुपमध्ये कुणी घेतलं, तर माझं नाव.

झालं होतं असं, की आमच्या दुधाच्या गाडीचे ड्रायव्हर साहेबराव. त्यांना मी ग्रुपमध्ये घ्यायला गेले आणि फोनच्या यादीत 'साहेबराव'च्या वरचं 'साहेब' दाबलं. सरकारला किल्ली लागतेच कशाला? मीच दार उघडून पाट मांडला होता.

"मला वाटलं, तक्रारी कळाव्यात म्हणून मुद्दाम घेतलंय," साहेब म्हणाले. "म्हणून तर चहा सोडला."

मग खुर्ची पुढं ओढून त्यांनी आवाज खाली आणला. "पण ताई, घरचं समजून बोलतो. तुमचा हा जावई काही बरा दिसत नाही. पोट सुटलेला, फुकट खाणारा, आणि मामानं यायचं की नाही हेसुद्धा त्याच्याच मर्जीवर?" एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या पोटावरचा पट्टा वर सरकवला. "इतकं सोसू नका. आला का शेवटी तो?"

हो म्हणून सुटता आलं असतं. पण डोळ्यांपुढून ती बसलेली म्हैस हलेना, आणि टँकरच्या कागदावर सही याच माणसाची लागणार होती.

"न्हाई आले, साहेब," मी खाली मान घालून म्हणाले. "वऱ्हाड सकाळपास्नं उन्हात उभं हाय. उठा आता. जावई तुमीच."