पॅसिफिकवर खाल्लेली ओटी

“माझी ओटी कुठाय?” मेघना ओरडली.

ऑकलंडच्या विमानतळावर, सामानाच्या पट्ट्यापाशी, शनिवारी सकाळी, निदान तीनशे माणसांच्या देखत. मेघना माझी बायको. एरवी ती शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून शिंकतेसुद्धा हळू. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि ती दुसऱ्यांदा ओरडली. या वेळी शब्दबिब्द काही नाही, नुसतीच किंकाळी.

कारण माझं तोंड पिवळं होतं. दात पिवळे, हिरड्या पिवळ्या, जीभ तर विचारूच नका. एखाद्या नवरदेवाने लग्नाच्या आदल्या दिवशी हळद अंगाला लावून घेण्याऐवजी पिऊन टाकली असती, तर तो जसा दिसला असता तसा मी दिसत होतो.

“नितीन! अरे, कावीळ झाली की काय तुला?”

“कावीळ नाही गं,” मी म्हणालो. “ओटी झाली.”

तेवढ्यात माझ्या पोटरीला काहीतरी गार आणि ओलं लागलं. वळून पाहतो तो कुत्रा! छोटासा, लोंबत्या कानांचा, अंगात सरकारी जाकीट. त्याने माझ्या पाठीवरच्या सॅकचा वास घेतला, माझ्याकडे करुणेने पाहिलं, आणि शांतपणे खाली बसला. (बाहेरून आणलेलं खाणं हुंगून शोधणारे हे कुत्रे भुंकत नाहीत. नुसते बसतात. पण ते बसले की माणूस आपोआप उभ्या उभ्या थिजतो.)

आता हे सगळं समजायचं तर मला दोन आठवडे मागे आणि एक महासागर पलीकडे जायला हवं.

कॅरिबियन समुद्रात एक बेट आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण माझा हॉस्टेलमधला रूममेट सुध्या अजून तिथेच राहतो आणि तिथे त्याला मान आहे. समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात तो इंजिनियर आहे. कॉलेजात हा माणूस अंघोळीला पाणी गरम करायचा आणि विसरायचा, आणि आज अख्खं बेट त्याच्या हातचं पाणी पितंय! दहा वर्षं तो मला बोलवत होता. शेवटी जुलैमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या आमच्या घरात भिंतींना घाम फुटला आणि मी हीटरला मिठी मारून झोपायला लागलो, तेव्हा मेघना म्हणाली, “चल, जाऊन येऊ. नाहीतरी आता मला पुढे वर्षभर रजा मिळायची नाही.”

कारण मेघनाला नोकरी लागली होती! इथेच खरी ग्यानबाची मेख आहे, म्हणून नीट सांगतो. पुण्यात ती कृषी महाविद्यालयात झाडांचे रोग शिकवायची. न्यूझीलंडला आल्यावर चार वर्षं तिने अर्जांवर अर्ज केले. मधल्या काळात हेन्डरसनच्या एका नर्सरीत फुलझाडांना पाणी घातलं आणि दर वेळी नकाराची ईमेल आली की दोन दिवस गप्प बसली. आणि आता एका प्रयोगशाळेने तिला घेतलं होतं. प्रयोगशाळेचं काम काय, तर बाहेरून देशात आलेली फळं, बिया, मुळं तपासायची आणि त्यांच्यावरच्या किडी नि बुरश्या ओळखायच्या. आम्ही शनिवारी परतणार होतो. ती सोमवारी रुजू होणार होती.

“नितीन,” ती जाताना म्हणाली होती, “येताना काही गोंधळ नकोय. विमानतळावर आपलं नाव निघालं तर सोमवारी कुठल्या तोंडाने जाऊ मी तिथे?”

“तू मला शिकवतेस?” मी म्हणालो. “अगं, अख्ख्या पेनरोजच्या ऑफिसला मी हे नियम सांगतो!” (हे खरं आहे. ऑफिसात कुणाची आई भारतातून येणार असली की तो माणूस मला शोधत येतो. निदान मी त्याला शोधत जातो.)

बेट म्हणजे स्वर्ग हो! दोन आठवडे मी जँडल्सशिवाय, म्हणजे किवी लोकांच्या रबरी चपलांशिवाय, पायात काही घातलं नाही आणि नारळपाण्याशिवाय फारसं काही प्यायलो नाही. (‘फारसं’ हा शब्द पुन्हा एकदा वाचा.) सुध्याने दोन झाडांमध्ये एक झोळी बांधली होती, तिच्यात मी सकाळी पडायचो तो जेवायलाच उठायचो. आणि जेवण काकूंच्या हातचं! काकू म्हणजे सुध्याची आई. वय ऐंशीच्या घरात, सहा वर्षांपासून तिथेच. परसात त्यांनी ओली हळद, अळू, कढीलिंब असं सगळं लावलंय आणि शेजारच्या बायका त्यांना विचारल्याशिवाय बी पेरत नाहीत.

निघायच्या आदल्या दुपारी मेघनाने झोळीत मोबाइल आणून दिला.

“न्यूझीलंडचे फॉर्म भरायचेत. दोघांचे. खाण्याचं, झाडाचं काही आहे का विचारतील.”

“आहे का काही?”

“काही नाही. बॅगा रिकाम्या आहेत. नीट वाचून भर हं!”

मी नीट वाचून भरले. खाद्यपदार्थ? नाही. बिया? नाही. झाडाचा कुठलाही भाग? नाही. दोघांचेही ‘नाही’ भरून, पाठवून दिले, आणि स्वतःच्या तत्परतेवर खूश होऊन डोळे मिटले. शंभर टक्के खरे फॉर्म होते ते. पुढचे अठरा तास.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी दारात, बॅगा डिकीत, सुध्या घड्याळ बघतोय, आणि काकू उंबऱ्यात आडव्या!

“मेघना, थांब. ओटी भरते.”

“काकू, मी शॉर्ट्समध्ये आहे हो!”

“मग पदर नाही तर टॉवेल घे.”

मेघनाने खांद्यावरचा समुद्रावर न्यायचा टॉवेल पसरला. त्यावर एक भलामोठा शार्क जबडा उघडून हसत होता. काकूंनी तिला हळदकुंकू लावलं, आणि त्या शार्कच्या जबड्यात शेंडीचा नारळ, त्यालाही हळदकुंकू, परसातल्या ओल्या हळदीची दोन जाडजूड बोटं, सुपारी, खण, आणि एकामागून एक पाच ओंजळी तांदूळ घातले.

“सहा वर्षं झाली गं इथे,” त्या म्हणाल्या. “पहिली सवाष्ण माझ्या दारातून जातेय.”

मेघना रडली. सुध्या रडला. टॅक्सीवाल्याला काही कळलं नाही, पण तोही नाक ओढायला लागला. मी एकटा कोरडा होतो, कारण मी डिकीत जागा करत होतो.

“ओटी काय चपलांच्या बॅगेत कोंबतोस?” मेघनाने मला झापलं आणि सगळं आपल्या हातातल्या पिशवीत नीट ठेवलं. “फॉर्ममध्ये लिहू आपण. काढून घेतलं तर घेऊ देत, पण लपवून नाही न्यायचं. बदलशील ना?”

“बदलतो की! त्याला काय लागतं? स्वीट ॲज!” (म्हणजे किवी भाषेत ‘काही काळजी नको’.)

दोन विमानं बदलून आम्ही दक्षिण अमेरिकेतून ऑकलंडच्या विमानात बसलो. मेघना डोळ्यांवर पट्टी लावून झोपली. विमान समुद्रावर आलं. मी मोबाइलवर झोळीतले स्वतःचे फोटो बघत होतो, आणि एकशे बाराव्या फोटोला मला आठवलं की फॉर्म बदललेला नाही! आणि त्याच क्षणी मोबाइल मेला. चार्जर कुठे होता? सुध्याच्या घरी, झोळीजवळच्या भिंतीत.

आता विचार करा. माझी बायको, जिला सोमवारी परदेशी फळं पकडणाऱ्यांच्यात नोकरीला जायचंय, ती एक अख्खं परदेशी फळ पिशवीत घेऊन, ‘माझ्याकडे काही नाही’ असं लिहून देऊन, शांतपणे घोरतेय. आणि ते लिहून कुणी दिलंय? नियमांच्या महामहोपाध्यायाने!

ओटी टाकून द्यावी? काकूंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मेघनाला उठवून सांगावं? मेघनाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. दोन्हींतला दुसरा जास्त भीतिदायक होता. मग माझ्या इंजिनियर डोक्याने एक निर्दोष उपाय काढला. जे पोटात आहे ते पिशवीत नसतं!

मी ओटी खायला सुरुवात केली.

कच्चे तांदूळ तुम्ही कधी खाल्लेत? पहिली मूठ कुरकुरीत लागते. दुसरी मूठ वाळूसारखी. तिसऱ्या ओंजळीला पलीकडच्या सीटवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी कानातले हेडफोन काढून खिडकीबाहेर बघितलं, इंजिनात काही अडकलंय का म्हणून. मी वर चार ग्लास पाणी प्यायलो. आणि तांदूळ पाण्यात फुगतात हे पुण्याच्या माणसाला पस्तीस हजार फुटांवर, पोट पट्ट्याला लागल्यावर कळलं! सुपारी चघळली. मग ओली हळद. पहिलं बोट चावलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. दुसरं बोट डोळे मिटून चावलं. हात पुसायला काही सापडेना, तर खणाला पुसले.

उरला नारळ. तो मी जॅकेटमध्ये लपवून टॉयलेटमध्ये नेला. बेसिनच्या कडेवर एक हलकासा ठोका दिला. नारळाला काही झालं नाही. दुसरा जरा मनापासून दिला.

दारावर टकटक. “सर, आर यू ओके इन देअर?”

“किआ ओरा!” मी आतून ओरडलो. (म्हणजे माओरीत नमस्कार. घाबरल्यावर मला एवढंच सुचतं.)

बाहेर आलो तर हवाईसुंदरी माझ्या फुगलेल्या जॅकेटकडे, मग पोटाकडे, मग तोंडाकडे बघत दोन पावलं मागे सरकली. तिने मला कागदी पिशवी दिली आणि नंतर माझ्या रांगेकडे फिरकलीच नाही.

शेवटी मी ठरवलं. मेघनाची पिशवी आता धुतल्या तांदळासारखी स्वच्छ होती. (तांदूळ मात्र न धुताच गेले होते.) तिचा फॉर्म खरा झाला. नारळ माझ्या सॅकमध्ये, गुन्हा माझ्या डोक्यावर. उतरल्यावर तो गुपचूप तिथल्या टाकून द्यायच्या पेटीत टाकीन, काकूंची मनात माफी मागीन, आणि मेघनाला सांगीन... काय सांगीन ते उतरल्यावर बघू.

उतरल्यावर मेघनाने बघितलं. पट्ट्यापाशी तिने ओटी वर काढून ठेवायला पिशवी उघडली, आत नुसता पिवळा खण! आणि ती ओरडली. तिथे तुम्ही मघाशी होतातच.

कुत्र्याच्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक उंचपुरी माओरी अधिकारी बाई होती. तिने माझी सॅक उघडली आणि शेंडीला धरून नारळ बाहेर काढला. मी सगळं सांगून टाकलं. झोळी, फॉर्म, तांदूळ, हळद, सगळं. मेघना ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला, माझा पिवळाच राहिला.

“नितीन,” ती म्हणाली, “अरे मूर्खा, फॉर्म चुकला तर काउंटरवर तोंडाने सांगितलं तरी चालतं! पाच ओंजळी तांदूळ कशाला खाल्लेस?”

“तोंडानेच तर...” मी म्हणालो.

अधिकारी बाईंनी वही काढली. “प्रश्न एकच आहे. तुम्ही आधी सांगितलंत, की कुत्र्याने शोधल्यावर?”

आम्ही तिघांनी कुत्र्याकडे बघितलं. मेघनाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

“एक मिनिट,” बाई म्हणाल्या. “कुत्रा बसायच्या आधी तुम्ही ओरडलात ना? काय ओरडलात?”

मेघनाने घसा साफ केला. “मी विचारलं की माझा नारळ आणि तांदूळ कुठे आहेत.”

बाईंनी वही मिटली.

“म्हणजे आधी जाहीर केलंत,” त्या म्हणाल्या. “एवढ्या मोठ्याने माझ्या नोकरीत कुणी जाहीर केलेलं नाही.”

मी तिथेच सामानाच्या गाडीवर बसलो. दंड नाही, नाव नाही, काही नाही! ‘पुढच्या वेळी लक्षात ठेवा’ एवढंच. नारळावरच्या लाल-पिवळ्या पावडरीमुळे तो त्यांनी तपासायला म्हणून एका पारदर्शक पिशवीत बंद केला. मेघनाने त्या पिशवीला हात जोडून नमस्कार केला. बाईंनीही गंभीरपणे मान लववली. कुत्र्याला खाऊ मिळाला. मला नाही, आणि मला नकोही होता.

रविवारी काकूंना फोन केला. मी घाबरत घाबरत खरं सांगून टाकलं. काकू इतक्या हसल्या की सुध्याने फोन काढून घेतला. मागून आवाज आला, “अरे, पोटातच गेली ना? मग पावली म्हण!”

सोमवारी मेघना कामाला गेली. मी दिवसभर पेनरोजला ऑफिसात तोंड मिटून बसलो. (रंग अजून उतरला नव्हता. मीटिंगमध्ये मी फक्त मान हलवली आणि साहेब म्हणाले, आज नितीन फार समंजस वाटतोय.) संध्याकाळी ती घरी आली, पर्स ठेवली, पायातले बूट काढले.

“कसा गेला दिवस?”

“छान. सगळे चांगले आहेत. पहिलाच नमुना नारळाचा दिला.”

मी चहाचा कप खाली ठेवला. “कुठला नारळ?”

“शेंडीवाला. सोबत कागद होता. ‘वर अज्ञात पावडर. प्रवाशाने उरलेला माल विमानात खाल्ला.’ अख्खी लॅब हसत होती. मी सांगितलं, हळद आणि कुंकू आहे, धोका नाही. कीडही नाही, बुरशीही नाही. साहेब खूश झाले.”

“आणि माझं... म्हणजे त्या प्रवाशाचं काही विचारलं?”

“विचारलं ना. म्हणाले, तूही शनिवारी त्याच विमानाने आलीस, असा पिवळा माणूस पाहिलास का?”

“मग तू काय म्हणालीस?”

मेघनाने माझा कप उचलला आणि एक घोट घेतला.

“शेजारच्या सीटवर होता, म्हणाले मी.”