मान-मेई आजींचा दाब

मान-मेई आजी दवाखान्यात शिरल्या की शू-यिंग डॉक्टरबाईचंच रक्त उसळायचं. आजींचा रक्तदाब तर काय, कायमचाच चढलेला.

तैवानमधल्या शिनचूच्या डोंगरातलं हे गाव, माणसं झाडून सारी हक्का समाजाची. चिवट, काटकसरी, आणि मान अशी ताठ की एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाही. शू-यिंग त्यातलीच. शहरातल्या मोठ्या इस्पितळातली नोकरी सोडून ती वडिलांच्या दवाखान्यात येऊन बसली, तेव्हा बरोबरच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला होता. "सर्दी-पडशाची डॉक्टर होणार तू?" झाली. आणि काय झाली! कोण रात्री घोरतं, कुणाची सून सासूशी बोलत नाही, कुणाला मीठ सुटत नाही, सगळं तिला तोंडपाठ. सरकारी विम्याचं कार्ड घरटी प्रत्येकाकडे. ते यंत्रात सरकवलं की माणूस तिचा. "या गावातलं कुणी माझ्या नजरेतून सुटत नाही," असं म्हणायची. जरा तोऱ्यातच म्हणायची, खोटं कशाला सांगू?

पण या म्हातारीपुढे तिचं काही म्हणता काही चालेना.

"आजी, गोळ्या घेता ना?"

"घेते की."

"रोज?"

"रोज गं बाई! एक वेळ भात चुकेल, गोळी नाही चुकायची."

"मग खारवलेल्या भाजीची बरणी उघडलेली दिसतेय."

"आईसारखीच संशयी आहेस बघ. तिला पण बरणी माझ्याच हातची लागायची!"

बाकड्यावरची मंडळी खो-खो हसायची. शू-यिंग चिडायची आणि औषध वाढवायची. आधी एक गोळी होती, तिची ताकद दुप्पट केली. मग दुसरी सुरू केली. तरी दाब जिथल्या तिथे. शेवटी तिसरी लिहिली. दुसरं कुणी असतं तर तोंड वाकडं केलं असतं. आजींचा चेहरा मात्र सणासारखा फुलला.

"आता पुरेल हं," त्या म्हणाल्या.

म्हातारी टोमणा मारतेय, असं शू-यिंगला वाटलं.

शरदातला कोरडा वारा सुटला आणि घरोघरी अंगणात पर्सिमनची नारिंगी फळं वाळायला पडली. त्यातलंच एक सूप उचलून पायरी उतरताना आजी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी शहराच्या इस्पितळात नेलं, ऑपरेशन झालं, छान झालं म्हणून निरोपही आला. शू-यिंगनं सुस्कारा सोडला. आणि दुसऱ्या दिवशी भर दवाखान्यात तिथल्या डॉक्टरचा फोन आला.

"पेंग मान-मेई तुमच्याच पेशंट ना? बाई, तुम्ही दिलेल्या सगळ्या गोळ्या आम्ही चालू ठेवल्या. कार्डावर होत्या अगदी तशाच. दाब पार कोसळलाय त्यांचा. शुद्धीवर नाहीत. अतिदक्षता विभागात हलवलंय. एवढं औषध लिहिलं होतं कुणासाठी? रेड्यासाठी?"

शू-यिंगच्या पायाखालची जमीनच सरकली. या हातांनी दाब मोजला होता तिनं! दर वेळी चढलेला. तीच औषधं, तीच बाई, मग हे झालं कसं? हे कसं शक्य आहे, कसं शक्य आहे, एवढंच डोक्यात. मग लख्ख उमगलं. म्हातारी गोळ्या घेतच नव्हती! इस्पितळात पहिल्यांदाच सगळ्या पोटात गेल्या. पण मग गेल्या कुठे? हक्का बाई काही फेकून देणार नाही. कुठल्या तरी डब्यात साठवल्या असणार. काय घेतलं नि काय नाही, ते कळल्याशिवाय इस्पितळाला सांगणार काय? रांग तशीच टाकून, पिशवी उचलून ती चढण चढून आजींच्या घरी पळाली.

घरात कुणी नसायचं. आजोबा गेलेले, मुलं तैपेईत. पण अंगणात एक बाई फळं उलटत होती, तोंडाला फडकं बांधून. शू-यिंगला पाहून तिच्या हातातलं फळ गळून पडलं.

"सुमार्नी? तू?"

जावा बेटावरून कामाला आलेली सुमार्नी. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचं तिनं हगणंमुतणं काढलं होतं, शेवटपर्यंत. ते गेल्यावर दलालानं तिला कुठल्याशा कारखान्यात धाडलं आणि तिथून ती पळाली, असं गावाच्या कानावर होतं. पळालेल्या कामगाराचं विम्याचं कार्ड बंद, म्हणजे दवाखानाही बंद. सापडली की रवानगी मायदेशी.

"आजी कशा आहेत हो?" सुमार्नीला रडू फुटलं. "मला जाता येत नाही तिकडे. कुणी सांगतही नाही."

"ते मागाहून. आजी गोळ्या कुठे ठेवतात?"

सुमार्नी वाकून पडलेलं फळ उचलू लागली.

"अगं, त्यांचा जीव टांगणीला लागलाय! कुठे आहेत गोळ्या?"

"मी खाते," सुमार्नी खालमानेनं म्हणाली. "आजी पहिली तेवढी घ्यायच्या, तीही दिवसाआड अर्धी. बाकीच्या मला. त्या पडल्यापासून मलाही मिळाल्या नाहीत."

शू-यिंगनं तिला पायरीवर बसवलं. पिशवीतलं दाब मोजायचं यंत्र काढलं, तिच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा आजींच्याहूनही चढलेला. डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून पुन्हा बांधला.

"डोकं दुखतंय?"

"ठणकतंय. पण तुमच्या हाताला गुण आहे, डॉक्टरबाई. दुसऱ्या गोळीनं जरा उतार पडला. तिसरीनं तर एकदम बरं वाटलं."

आता बोला! रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं आपण हसत म्हणतो. इथे तर पखालीचाही रोग खरा निघाला, आणि औषध तिलाच लागू पडलं होतं. शू-यिंग इतके दिवस जिच्यावर उपचार करत होती, तिला तिनं एकदाही तपासलं नव्हतं. कुणी नजरेतून सुटत नाही म्हणे! तिला स्वतःची लाज वाटली, आणि भीती तर त्याहून.

तिनं तिथूनच फोन लावला. "त्यांना एवढ्या औषधाची सवय नाही. सगळ्या गोळ्या आत्ताच्या आत्ता बंद करा."

"मग इतके दिवस खात कोण होतं?" पलीकडून प्रश्न आला.

सुमार्नी टक लावून पाहत होती.

"माझी चूक झाली," शू-यिंग म्हणाली. "मीच जास्त लिहिल्या."

आजी वाचल्या. भेटायला गेलेली शू-यिंग आधी रडली, मग कडाडली. "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं. आणि तुला कुठे येतं ते? लहानपणी पेरू चोरलास की चेहऱ्यावर दिसायचं."

"मेला असता तुम्ही! माझ्या हातून!"

"बरं, नाही ना मेले. आता किती गोळ्या?"

"एकच. आधीची साधी. आणि रोज अख्खी गिळायची, समजलं?"

आजींचा चेहरा पडला. "एकच? मग तिला काय देऊ?"

"तिचं मी बघते," शू-यिंग म्हणाली. कसं बघणार, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना नेहमीसारखा भरला. पहिला नंबर ल्यू आजोबांचा. साखर काही केल्या उतरत नव्हती त्यांची. शू-यिंगनं सवयीनं औषध वाढवायला हात उचलला आणि तो तसाच थांबला.

"आजोबा," तिनं हळूच विचारलं, "घरी तुमच्याबरोबर कोण असतं?"

एरवी सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं बोलणारे ल्यू आजोबा कार्ड बोटांत फिरवत राहिले. मग उठले आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.