टायरांवरची काजळी

देवासला एका सरदारांची मोटार धुण्यापुसण्याचं काम माझ्याकडे होतं. आधी मी त्यांच्या बग्गीच्या घोड्यांचा साज एरंडेल लावून चमकवत असे, त्यामुळे मोटारीचे राखाडी टायर मला अगदीच कळाहीन वाटत. ड्रायव्हरनं बजावलं होतं, "भिया, रबराला तेल नको. साबणपाणी बस्स." तरी सरदारांच्या विधवा आत्याबाई नर्मदास्नानाला निघाल्या, त्या सकाळी मी एरंडेलात काजळी कालवून चारही टायर काळेभोर केले.

सरदार स्वतः त्यांना घेऊन निघाले होते आणि सामान उचलायला मीही बरोबर होतो. वाटेतल्या धुळीनं टायरांवर त्याचा चिकट राप झाला. नर्मदेकाठी नेमावरला मोटारीतून उतरताना आत्याबाईंचं पांढरं लुगडं चाकाला घासलं आणि गुडघ्यापासून खाली काळा पट्टा उमटला.

"हे कोणी फासलं?" सरदार ओरडले.

माझ्या नखांत काजळी होती. मी हात पाठीमागे नेले.

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. "माझी चूक झाली, सरकार."

यात्रेकरूंसमोर त्यांनी त्याला नाही नाही ते सुनावलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि मी पाठीमागे नखांतली काजळी खरवडत राहिलो.

देवासला परतल्यावर मी त्याची माफी मागायला गेलो. तो म्हणाला, "आधी सोड्यानं चाकं धू." मी धुतली. माफी मागायची मात्र राहूनच गेली.